कामात असलेली माणसे

रेडिओवर हवामानाचा अंदाज ऐकता ऐकता किकी ठरवून टाकते की निघायचे ते आजच. आज पौर्णिमा आहे आणि आभाळ स्वच्छ राहणार आहे. तळ्याकाठच्या गवतातून उठून ती धावतच घर गाठते आणि आईला ही बातमी देते. आई त्या वेळी गावातल्या एका म्हातारीसाठी संधिवाताचे औषध करत असते. हातात काचेची नळी, नळीत रंग पालटणारा काढा. लेकीच्या बोलण्याने तिचे लक्ष उडते, नळीतून भस्सकन धूर येतो आणि औषध फुकट जाते.

हायाओ मियाझाकी यांचा ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’ (१९८९) सुरू होतो तो असा. चेटकिणीच्या घरात जन्मलेल्या मुलीने तेरा वर्षांची झाली की घर सोडायचे, जिथे दुसरी चेटकीण नाही असे गाव शोधायचे आणि तिथे वर्षभर स्वतःच्या बळावर राहायचे, ही तिथली रीत. घरात एवढा मोठा निरोपाचा प्रसंग येऊन ठेपला आहे आणि आई कामात आहे. पुढे सबंध चित्रपटात किकीला जी मोठी माणसे भेटतात ती अशीच कामात गुंतलेली भेटतात. बेकरीवाली ओसोनो गिऱ्हाइकाला हाका मारत असते, रानातली चित्रकार मुलगी छपरावर बसून कावळ्यांची रेखाटने करत असते, श्रीमंत घरातली आजी नातीच्या वाढदिवसाचा पदार्थ कसा भाजायचा या विवंचनेत असते. शेवटी मदतीला येणारा म्हातारासुद्धा रस्ता झाडत असतो. किकीला शहाणे करण्यासाठी म्हणून गोष्टीत आणून बसवलेले असे यांत कोणीच नाही. प्रत्येकाचे आयुष्य आधीपासून चालू आहे आणि किकी त्यात मध्येच येऊन उभी राहते. मी हा चित्रपट पुन्हा पुन्हा पाहतो तो या माणसांसाठी.

मुलांच्या गोष्टींत दुय्यम पात्रांना बहुधा कामे वाटून दिलेली असतात. एकाने धीर द्यायचा, एकाने वाट अडवायची, एकाने हसवायचे आणि एकाने ऐन वेळी चार शब्द सांगून नाहीसे व्हायचे. एइको कादोनो यांच्या ज्या कादंबरीवरून हा चित्रपट निघाला, ती १९८५ची. याच लेखिकेला पुढे २०१८ साली हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला. कादंबरीत किकी एकामागून एक वस्तू पोचवत जाते, दर प्रकरणाला नवे गिऱ्हाईक आणि नवी अडचण. मियाझाकींनी माणसे मोजकी ठेवली आणि किकीची उडण्याची शक्तीच नाहीशी होण्याचे मोठे संकट स्वतःच्या पदरचे घातले. त्यामुळे त्या मोजक्या माणसांवर फार भार आला. मुलगी आतून मिटून गेल्यावर आजूबाजूच्यांनी नेमके काय करायचे, हे या चित्रपटात पाहण्यासारखे आहे.

पहिली भेट गोड नाही. घर सोडल्यावर थोड्याच वेळात, रात्रीच्या आभाळात किकीला एक थोरली चेटकीण भेटते. तिचे वर्ष संपत आले आहे, भविष्य सांगण्यात तिचा जम बसला आहे आणि तिला त्याचा तोराही आहे. ती सहज विचारते, तुझी खासियत काय? किकीपाशी उत्तर नसते. तिला उडता येते, पण उडणे तर सगळ्याच चेटकिणींना येते. ती थोरली आपल्या गावाच्या दिव्यांकडे उतरून जाते आणि नंतर एकदाही दिसत नाही. चित्रपट तिची फजिती करत नाही, की पुढे कधी तिला किकीचे कौतुक करायला लावत नाही. तिने विचारलेला प्रश्न तेवढा मागे राहतो, आणि किकी तो बरोबर घेऊन समुद्रकाठच्या कोरिको शहरात पोचते.

कोरिको हे कल्पित शहर. स्वीडनमधले स्टॉकहोम आणि व्हिस्बी पाहून आल्यावर चित्रकारांनी ते उभे केले. घड्याळाचा मनोरा, उतरते रस्ते, लाल कौले, खाली निळा समुद्र. इतके देखणे शहर, पण तिथे किकीचे स्वागत कोणी करत नाही. ती बसखाली येता येता वाचते, पोलीस हटकतो, हॉटेलात आईवडिलांची चौकशी होते. जिला कोणी ओळखत नाही अशा मुलीचा तो पहिला दिवस मियाझाकी फार सबुरीने दाखवतात. संध्याकाळ होते, जवळचे खाणे संपत येते आणि जिजी हे तिचे काळे मांजर दुसरे गाव शोधू या म्हणू लागते.

तेवढ्यात ओसोनो दिसते. दिवस भरत आलेली, मोठ्या पोटाची, मोठ्या आवाजाची बाई. एक गिऱ्हाईक बाळाचे चोखणे दुकानात विसरून उतारावरून खाली निघून गेली आहे आणि ओसोनो वरून हाका मारते आहे. या अवस्थेत तिला पळता येणार नाही. किकी पुढे होते, चोखणे घेते आणि झाडूवर बसून कठड्यावरून खाली झेपावते. पुढच्या सगळ्या गोष्टीचे बीज या एका मिनिटात आहे. किकी मदत मागायला आलेली नाही, ती मदत करून बसली आहे. म्हणून दोघींमधले नाते सुरुवातीपासून बरोबरीचे होते. ओसोनो तिला आत बोलावते, समोर कप ठेवते, बोलता बोलता मुलीला राहायला जागा नाही हे तिच्या लक्षात येते आणि ती माळ्यावरची पिठाने माखलेली खोली देऊ करते.

दुसऱ्या दिवशी ठरलेला व्यवहार मला अतिशय आवडतो. सकाळी दुकान सांभाळायचे, त्या बदल्यात खोली, न्याहारी आणि दुकानातला फोन. फोन मिळाला म्हणजे सामान पोचवण्याचा धंदा सुरू करता येईल. ओसोनोला हे सगळे फुकट देता आले असते, ती तेवढी मोठ्या मनाची आहे. पण तसे झाले असते तर किकी त्या घरात आश्रित झाली असती. तेरा वर्षांच्या मुलीचा स्वाभिमान कुठे दुखेल याची ओसोनोला उपजत जाण आहे. ती व्यवहार करते आणि त्या व्यवहारातून मुलीला घर देते.

तिचा नवरा तर जवळजवळ बोलतच नाही. भल्या पहाटे भट्टीशी असतो. पहिल्या सकाळी किकी झोपेच्या कपड्यांत अंगणापलीकडच्या संडासात जाऊन येते, तेव्हा तो आळस देत बाहेर येतो आणि ती लाजून दाराआड लपते. या दोघांचा पुढचा महत्त्वाचा प्रसंग म्हणजे बेकरीच्या काचेत झळकणारी पावाची पाटी. झाडूवर बसलेली चेटकीण, भोवती वेलबुट्टी, सगळे पावाचे. त्याने ती न सांगता, न विचारता करून लावली आहे. किकी धावत जाऊन त्याला मिठी मारते आणि तो गडबडून जातो. चित्रपटातल्या सर्वांत अबोल माणसाने तिच्या धंद्याची सर्वांत मोठी जाहिरात केली आहे, आणि तीही त्याला येणाऱ्या एकाच भाषेत.

पहिल्याच कामात किकीची तारांबळ उडते. खेळण्यातले काळे मांजर पोचवायचे असते, ते वाटेत कावळ्यांच्या रानात पडते आणि वेळ मारून न्यायला जिजीला त्या खेळण्याच्या जागी निपचित बसावे लागते. तिथे एक म्हातारा कुत्रा आहे, जेफ. तो जिजीला ओळखतो, पण उघडे पाडत नाही. वेळ येते तेव्हा त्याला सावकाश बाहेर नेतो आणि खरे खेळणे आत घेऊन जातो. ज्यांचा किकीशी काही संबंध नाही असे जीवही या जगात नीट वागतात, एवढे सांगायला जेफ पुरेसा आहे.

आता आजीचा प्रसंग. चित्रपटातला माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग हाच. मोठ्या घरात राहणाऱ्या एका वृद्ध बाईंनी नातीसाठी हेरिंग मासा आणि लाल भोपळा घालून भट्टीत भाजायची ‘पाय’ करायला घेतली आहे, पण विजेची भट्टी बिघडली आहे. पदार्थ वेळेत होणार नाही म्हणून त्या किकीला ठरलेले पैसे देऊन परत पाठवू पाहतात. किकी काम न करता पैसे घेत नाही. तिला घरातली जुनी लाकडाची भट्टी दिसते आणि ती बाह्या सरसावते. घरी आईकडे हे शिकलेले असते. लाकडे पेटवणे, निखारे सरकवणे, वाट पाहणे, हे सगळे कॅमेरा मन लावून टिपतो. बार्सा ही त्या घरातली म्हातारी नोकर. काळे मांजर आणि झाडू पाहून तिला आपल्या पणजीच्या गोष्टी आठवतात. ती दुपार अशी ऊबदार जाते. संध्याकाळी किकीला शहरात ओळख झालेल्या तोम्बो या मुलाच्या मित्रमंडळींत जायचे आहे, उशीर होतो आहे, तरी ती थांबते, कारण काम चांगले होत आले आहे.

मग पाऊस येतो. किकी पायवर आपले अंग धरून, भिजत ती नातीच्या दारी पोचवते. नात दार उघडते, छान कपडे, आत मेजवानीचा गलबला. आजीची ती पाय पुन्हा आली, मला ती आवडत नाही, एवढेच म्हणून ती दार लावते.

या मुलीला चित्रपट खलनायिका करत नाही. ती खोटे बोलत नाही, किकीला हिणवतही नाही. आपल्या वाढदिवसाच्या संध्याकाळी तिच्या मनात आजीला जागा नाही, इतकेच. असे पात्र लहान मुलांच्या गोष्टीत आले की लेखकाला बहुधा तिला सुधारायचा मोह होतो. शेवटी ती आजीपाशी जाऊन रडेल, किंवा किकीचा पराक्रम पाहून तिला लाज वाटेल. मियाझाकी तिला आहे तशीच सोडून देतात. किकीच्या वाढीत या मुलीचा वाटा फार मोठा आहे. मन ओतून केलेले काम ज्याच्यासाठी केले त्याला नको असू शकते, हे ती किकीला एका वाक्यात दाखवून देते. कामावर आणि शिष्टाचारावर विश्वास ठेवून आलेल्या मुलीला हा धक्का झेपत नाही. ती ओल्या कपड्यांनी परत येते, तोम्बोकडे जात नाही आणि तापाने अंथरूण धरते. दुसऱ्या दिवशी ओसोनो दुधातली पेज घेऊन वर येते, काय झाले ते खोदून विचारत नाही. किकी तिला मागून हाक मारते आणि मग काही नाही म्हणते. ओसोनो तेही मान्य करून खाली जाते. मोठ्यांनी मुलांच्या बाबतीत किती पाळावे आणि किती सोडावे, याचा मी पाहिलेला हा फार सुंदर नमुना आहे. बरी झाल्यावर हीच ओसोनो तिला कोपोली नावाच्या कोणा गृहस्थाकडे एक पुडके पोचवायला पाठवते. ते तोम्बोचे आडनाव आहे हे किकीला दार उघडेपर्यंत कळत नाही.

तोम्बोबद्दल थोडे वेगळे बोलले पाहिजे. या शहरात काम न करणारा तोच एक. तो खेळतो. चष्मा, पट्ट्यापट्ट्यांचा सदरा, सायकलला पंखा लावून उडायचे वेड. त्याला किकीचे उडणे म्हणजे जगातली सर्वांत मौजेची गोष्ट वाटते, आणि किकीसाठी ते आता पोटापाण्याचे साधन झाले आहे. समुद्रकाठी दोघे सायकलवरून आपटतात, किकी खळखळून हसते, आणि चित्रपटात कितीतरी वेळाने ती पुन्हा तेरा वर्षांची दिसते. लगेच तोम्बोचे दोस्त मोटारीतून येतात. त्यांत ती नात आहे. ही सामान पोचवते, आतापासून कमावते, असे मुली आपसात बोलतात. त्या बोलण्यात नवल आहे, कुत्सितपणा नाही. पण किकीला त्या क्षणी दोन्हीकडून परके वाटते. कामाच्या जगात तिचे मन दुखावलेले, आणि खेळाच्या जगात तिला शिरता येत नाही. ती चालत निघून जाते. त्याच रात्री जिजीचे बोलणे तिला नुसते म्यांव ऐकू येते, आणि झाडूवर बसून पाहते तर झाडू उचलत नाही.

अशा वेळी तोम्बोने धीर दिला असता तर तो साधा, अपेक्षित चित्रपट झाला असता. किकीला आधार मिळतो तो दुसऱ्या एका कामकरी मुलीकडून. चित्रकार उर्सुला रानातल्या लाकडी खोलीत एकटी राहते, किकीहून पाचेक वर्षांनी मोठी. पहिल्या भेटीत तिने फाटलेले खेळणे शिवून दिले होते आणि किकीने तोवर तिची खोली पुसून काढली होती. म्हणजे इथेही नाते देवाणघेवाणीतून आलेले. आता ती शहरात सामान घ्यायला आलेली असताना किकीची दशा पाहते आणि तिला आपल्याबरोबर घेऊन जाते.

रात्री दोघी दिवा मालवण्याआधी बोलतात. चित्र काढता येत नसेल तेव्हा तू काय करतेस, हा किकीचा प्रश्न. उर्सुला सांगते की ती धडपडून पाहते, आणि तरीही जमले नाही तर चित्र काढणेच थांबवते, फिरते, झोपते, काही करत नाही, आणि मग एक दिवस पुन्हा काढावेसे वाटते. आपल्यालाही असा काळ आला होता, तोवरची आपली चित्रे दुसऱ्या कोणासारखी होती हे तेव्हा कळले, असेही ती सांगते. हा उपदेश नाही. ती आपल्या धंद्यातली अडचण धंद्यातल्याच दुसऱ्या माणसाला सांगते आहे. उडणे आणि चित्र काढणे यांना एकाच पातळीवर ठेवून तिने किकीचा केवढा मान राखला आहे! पोरी, होईल सगळे नीट, असे ती म्हणत नाही. ते ती म्हणू शकत नाही, कारण तिचे स्वतःचे चित्र अजून पुरे झालेले नाही. त्यातला चेहरा तिला सापडत नव्हता, आणि तो किकीच्या चेहऱ्यातून सापडेल असे तिला वाटते. म्हणून त्या रात्री मदत दोन्ही बाजूंनी चालू आहे.

यात एक गोष्ट जपानी आवृत्ती ऐकणाऱ्यालाच कळते. किकी आणि उर्सुला या दोघींना आवाज एकाच अभिनेत्रीने दिला आहे, मिनामी ताकायामा यांनी. (पुढे ‘डिटेक्टिव्ह कोनान’ मालिकेतल्या छोट्या कोनानचा आवाजही त्यांचाच.) एक आवाज बावरलेला, वरच्या पट्टीतला, दुसरा सैल, थोडा भरड. हे माहीत झाल्यावर त्या रात्रीचे संभाषण पुन्हा ऐकावे. तेरा वर्षांची मुलगी स्वतःच्याच अठराव्या-एकोणिसाव्या वर्षाशी बोलते आहे असे वाटत राहते. आणि उर्सुलाचे ते मोठे चित्र, आभाळातून पंखांचा घोडा आणि इतर प्राणी निघालेत ते, मुळात हाचिनोहे शहरातल्या एका शाळेच्या विशेष मुलांच्या वर्गाने मिळून कोरलेल्या छापचित्रावरून घेतले आहे. एका चित्रकार मुलीच्या प्रतिभेची खूण म्हणून मियाझाकींनी नामवंताचे चित्र न निवडता शाळकरी मुलांनी एकत्र बसून केलेले काम निवडले, याचे मला मनापासून अप्रूप वाटते.

किकी परत येते तेव्हा आजींचा निरोप असतो. पोचवायला एक खोका आहे. उघडून पाहते तो केक, त्यावर किकीचे चित्र. हा किकी नावाच्या मुलीला द्यायचा आहे, आणि तिचा वाढदिवस कधी असतो तेवढे विचारून ये, म्हणजे मला पुढचाही करता येईल, असे आजी सांगतात. किकीला रडू फुटते. आजवर ती इतरांच्या वस्तू इतरांना पोचवत होती. पहिल्यांदाच पोचवायच्या वस्तूवर तिचे नाव आहे. नात काय म्हणाली ते तिने आजींना सांगितलेले आपण ऐकत नाही. आजींना ते ठाऊक असेल का? त्यांच्या चेहऱ्यावरून मला वाटते, बऱ्याच वर्षांपासून ठाऊक असावे. तरीही त्या पाय करत राहिल्या.

याच बैठकीत दूरदर्शन संचावर शहरात आलेले हवाई जहाज भरकटल्याचे दिसते, दोराला तोम्बो लोंबकळतो आहे. किकी धावत सुटते. तिचा झाडू सरावात मोडलेला. रस्त्यावर एक म्हातारा लांब दांड्याच्या ब्रशने फरशी घासत असतो, त्याच्याकडून ती तो ब्रश मागून घेते. तो हटवादी ब्रश तिला फेकत, आपटत नेतो आणि अखेर ती उडते. आईच्या झाडूवर निघालेली मुलगी अनोळखी माणसाच्या कामाच्या हत्यारावर पुन्हा उडायला शिकते. नंतर गर्दीत तो म्हातारा अभिमानाने सांगत असतो की तो ब्रश मी दिला. किती योग्य आहे त्याचे सांगणे! शहरातल्या प्रत्येकाला तसे काहीतरी सांगता येईल: फोन मी दिला, पाटी मी केली, खेळणे मी शिवले.

आपल्याकडे मुलाला घडवणारे माणूस म्हटले की ‘श्यामची आई’ आठवते. तिथे घडवणारी एकच, घरातली, प्रेमाने आणि धाकाने मुलाच्या प्रत्येक दिवसावर लक्ष ठेवणारी. किकीची आई पहिल्या दहा-बारा मिनिटांनंतर जवळजवळ दिसत नाही, पण तिने दिलेला झाडू, तिने शिकवलेली भट्टी आणि काम करताना तिची पाहिलेली मूर्ती मुलीबरोबर असते. बाकीचे काम परक्यांनी केले. घर सोडून शिकायला, नोकरीला शहरात गेलेल्या कुठल्याही मुलामुलीला हे ओळखीचे वाटेल. हा चित्रपट काढणाऱ्या घिबली स्टुडिओचे चित्रपट २०२०पासून भारतात नेटफ्लिक्सवर आले आहेत, तेव्हा घरातल्या मोठ्यांनीही ते मुलांच्या शेजारी बसून पाहावेत.

जिजीचे मात्र अजून सांगायचे राहिले. सुरुवातीला तो किकीचा सर्वांत जवळचा सोबती आहे. तिच्या मनात आलेले पण तोंडाने न काढलेले सगळे तो बोलून दाखवतो. शक्ती परत आल्यावर जिजी पुन्हा बोलेल असे प्रेक्षकाला वाटते. तो येऊन किकीच्या खांद्यावर बसतो आणि नुसते म्यांव करतो. १९९८ साली डिस्नेने केलेल्या इंग्रजी आवृत्तीत या जागी त्याच्या तोंडी एक वाक्य घातले होते, म्हणजे त्याचे बोलणे किकीला पुन्हा कळू लागले असा अर्थ व्हावा. २०१०च्या इंग्रजी आवृत्तीत ते काढून टाकले. ते काढले हे बरे झाले. मुलांना वाईट वाटेल म्हणून ते घातले असणार, पण मुलांना यापेक्षा अधिक समजते. तिकडे जिजीचे शेजारच्या पांढऱ्या मांजरीशी, लिलीशी जमले आहे आणि त्याला आता आपले घर आहे. किकीच्या आईवडिलांना पत्र जाते, त्यात कधी कधी उदास वाटते पण हे शहर मला आवडते असे लिहिलेले असते, आणि श्रेयनामावलीत जिजीभोवती पिल्ले खेळताना दिसतात. जिजी आता का बोलत नाही, असे एखाद्या मुलाने विचारलेच तर त्याला त्या पिल्लांकडे बघायला सांगावे.